पूरतयारी आणि पूर-मदतीचा हिशेब : गावात जाहीर कार्यक्रम घ्यायचाय, आखणी कशी करावी?

नदीवेस (प्रश्न)

नमस्कार मंडळी. पलूस तालुक्यातलं कृष्णाकाठचं गाव, वस्ती चार हजारांच्या आसपास, एक गावठाण आणि दोन वाड्या. तरुण मंडळ आणि महिला बचत गटांनी मिळून पावसाळ्याआधी जाहीर कार्यक्रम ठरवलाय. विषय तीन: गावाचा विकास आराखडा, पूर-मदतीच्या पैशाचा हिशेब, आणि पाणी आलं तर गावाने काय करायचं. हाताशी पंचवीस हजार रुपये आहेत. सध्या ठरलंय ते असं: दोन पाहुण्यांची भाषणं, सत्कार, भ्रष्टाचारविरोधी शपथ आणि शेवटी बोटीचं प्रात्यक्षिक.

हिशेबाचे कागद कुठून आणि कसे मिळवायचे? मांडताना भावकीची भांडणं उभी राहू नयेत म्हणून काय करावं? प्रात्यक्षिकात नेमकं काय तपासायचं? आणि २०१९ चं पाणी हीच शेवटची रेघ धरायची का?

---

चावडीवाचन

पाहुणे, सत्कार आणि शपथ तिन्ही काढून टाका. शपथ घेतल्याने रोकड वहीतला एक आकडा हलत नाही, आणि सत्काराच्या शालीत तुमचा निम्मा वेळ जातो.

जाहीर कार्यक्रमाला हजार माणूस आलं तरी त्यातून कुणावर कसलंही बंधन येत नाही. ग्रामसभेचा ठराव मात्र इतिवृत्तात जातो, त्याची नक्कल मागता येते आणि वर्षभराने ‘त्याचं काय झालं’ हे विचारता येतं. म्हणून कार्यक्रम करायचाच तर ग्रामसभेच्या अंगाने करा. आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि पहिली सभा वर्ष सुरू झाल्यापासून दोन महिन्यांत व्हावी लागते. बहुतेक गावांत ती १ मेला असते. पुढची थेट १५ ऑगस्टला, तेव्हा तुमच्याकडे पाणी वेशीत असतं. म्हणजे तुमच्या हातात १ मे आहे.

नोटीस सभेच्या सात दिवस आधी निघते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच सरपंच आणि ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) यांच्या नावे लेखी अर्ज द्या, त्यात विषय शब्दशः लिहा आणि पोच घ्या. ‘ऐनवेळचे विषय’ या सदरात ढकलू देऊ नका. ते शेवटी येतात, तोवर लोक उठून गेलेले असतात, आणि ‘चर्चा करण्यात आली’ एवढीच नोंद पडते.

गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातली जी संख्या कमी ती. तुमच्या गावाला १०० पुरतील. ती झाली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. नको असलेले ठराव बारा माणसांत मंजूर करून घ्यायची ही जुनीच वाट आहे, तेव्हा पहिल्या सभेलाच माणसं आणा. आदल्या दिवशीची महिला सभा कागदावरच होऊन जाते, ती खरोखर भरवा. पिण्याचं पाणी, संडास आणि जनावरं या तीन गोष्टी तिथेच नीट निघतात.

आणखी दोन जागी गफलत होते. एक, हजेरीच्या सह्या आधी घेतात आणि इतिवृत्त नंतर सवडीने लिहितात. मग उपस्थितीची सही हीच संमती ठरते. सह्यांच्या प्रत्येक पानाच्या डोक्यावर तारीख आणि ‘फक्त उपस्थितीसाठी’ असं लिहून घ्या, आणि सभा संपण्याआधी ठराव मोठ्याने वाचून घ्या. दुसरं, ठरावाची भाषा. ‘पूरपरिस्थितीबाबत योग्य ती उपाययोजना करण्यात यावी’ हा ठराव नव्हे. असं लिहा: ‘बोटीच्या इंजिनाची दुरुस्ती करून ३१ मेपूर्वी नदीत चाचणी घ्यावी, खर्च अबंधित निधीतून, जबाबदारी अमुक पदाधिकारी, चाचणीचा अहवाल फलकावर लावावा.’ काम, तारीख, पैसा, जबाबदारी. यातलं एकही गाळलं तर ठराव लंगडा.

पैशाबद्दल एक. १५व्या वित्त आयोगाच्या निधीत (२०२१-२६) ६० टक्के बंधित म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठी, ४० टक्के अबंधित. पिण्याच्या पाण्याच्या सोयीची कामं बंधितमध्ये बसतात, बोट आणि दोर बसत नाहीत. आणि काम ग्रामपंचायत विकास आराखड्यातच नसेल तर खात्यात पैसे असूनही खर्च करता येत नाही. ‘निधी नाही’ असं उत्तर आलं तर आधी हे पाहा की निधी नाही, की आराखड्यात काम घातलेलं नाही. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर तुमच्या ग्रामपंचायतीचा मंजूर आराखडा आणि खर्चाची व्हाउचरं दोन्ही दिसतात. छापून न्या.

---

पातळीमापक

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण तिथेच गावं फसतात.

२०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला ५४ च्या पुढे. तिथली इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. हे आकडे सगळ्यांना तोंडपाठ असतात, पण ४५ ला आपल्या गावात नेमकं काय होतं हे कुणाला सांगता येत नाही. तुम्हाला तोच तक्ता करायचाय. २०१९ ची रेघ ही त्या तक्त्यातली एक ओळ, शेवटची मर्यादा नव्हे. पाटबंधारे खात्याची निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. ते नकाशे मागवा आणि २०१९ ची खूण त्यांच्या वर आहे की खाली ते बघा.

तक्ता असा करा. गवंड्याकडची पारदर्शक लेव्हल नळी घ्या, पन्नास फूट पुरते. आत बुडबुडा राहिला की माप चुकलंच, म्हणून पाणी बादलीतून ओढून भरा, तोंडाने टाकून नको. २०१९ ची खूण शोधताना मातीच्या किंवा प्लास्टरच्या भिंतीवर विश्वास ठेवू नका. भिंतीत ओल वर चढते, त्यामुळे डाग खऱ्या पाण्याच्या चांगला वर दिसतो. लोखंडी फाटक, फरशी, विजेचा खांब यावरची खूण धरा आणि दोन-तीन ठिकाणच्या खुणा एकमेकींशी जुळतात का पाहा. मग त्या पातळीपासून प्रत्येक गल्लीतल्या सगळ्यात खालच्या उंबऱ्यापर्यंत किती फूट ते मोजा. घर क्रमांक नमुना ८ (ग्रामपंचायतीची घरपट्टी आकारणीची नोंदवही) प्रमाणेच लिहा, म्हणजे पुढे मदतीच्या यादीशी जुळवता येतो.

आयर्विनला तीन फूट फरक म्हणजे तुमच्या गावातही तीन फूट, असं नसतं. पाण्याला उतार असतो. २०१९ आणि २०२१ या दोन्ही खुणा गावात सापडल्या तर तुमचा फरक किती ते कळेल आणि त्या प्रमाणात बाकीच्या ओळी बसवता येतील. शिवाय पलूसकरांनी आयर्विनपेक्षा भिलवडी पुलाची पातळी धरलेली बरी, ती जवळची आहे. जिल्ह्याच्या पूर-पत्रकात कराडचा कृष्णा पूल, बहे, ताकारी, भिलवडी, आयर्विन अशा क्रमाने पातळ्या येतात. वरच्या पुलांवर पाणी चढायला लागलं की तुमच्याकडचा वेळ तिथून मोजायचा. कोयनेतून इतके हजार क्युसेक सोडले, या बातमीवर मात्र उंबरा मोजू नका. खालच्या मुक्त पाणलोटात किती पाऊस पडतोय यावर त्याच विसर्गाची पातळी वेगवेगळी येते.

सगळ्यात महत्त्वाची ओळ घरांची नसते, रस्त्याची असते. नदीचं पाणी आधी ओढ्यातून मागे फुगतं आणि पूल बुडवतं. घरं कोरडी असताना गावाचा रस्ता तुटलेला असतो. येरळा नदी कृष्णेला मिळते तिथल्या गावांना हे जास्तच. म्हणून तक्त्यात पहिली ओळ ‘कोणत्या पातळीला ट्रॅक्टर-ट्रॉली जाणं बंद होतं’ ही. गाव हलवायचा निर्णय तिच्या दोन फूट आधी. त्यानंतर फक्त बोट उरते, आणि चार हजार माणसं बोटीने हलत नाहीत.

तयार तक्ता समाजमंदिराच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहून टाका. फ्लेक्स नको, तो पहिल्या वादळात जातो. तीन विजेच्या खांबांवर पिवळा, नारिंगी आणि लाल पट्टा मारा, महावितरणला सांगून.

---

कलम_चार

कागदांचं सांगतो. माहिती अधिकारात उत्तराला ३० दिवस आहेत, म्हणजे १ मेला कागद हवे असतील तर अर्ज मार्चच्या मध्यापर्यंत पडायला हवेत. तेवढा वेळ उरला नसेल तर अर्जाऐवजी अभिलेख पाहायला जा. जिल्हास्तरीय कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहू द्यायचे, असा नोव्हेंबर २०१८ चा शासन निर्णय आहे.

महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, पानाला २ रुपये. लोक एका अर्जात सगळा पूर घालतात आणि तो याच कारणावरून परत येतो. तुमचे किमान तीन अर्ज होतात:

ग्रामपंचायतीकडे: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतची रोकड वही (नमुना ५), पूरकाळातल्या खर्चाची प्रमाणकं (व्हाउचरं), साठा नोंदवही आणि जडवस्तू संग्रह नोंदवही यांच्या प्रती.

तहसील कार्यालयाकडे: आपल्या गावच्या पंचनाम्यांची यादी, मंजूर यादी, प्रत्यक्ष रक्कम जमा झाल्याची यादी, आणि नामंजूर नावं कारणांसह. चार वेगळ्या याद्या आहेत त्या. एकच मागितली तर काही कळत नाही.

तिसरा अर्ज, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे, फार कमी लोक करतात. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५० प्रमाणे तातडीच्या खरेदीला निविदा प्रक्रिया माफ करता येते. पण त्याच कलमात असंही आहे की नियंत्रक अधिकाऱ्याने वस्तू वापरल्याचं प्रमाणपत्र द्यायचं आणि हिशेबासाठी तेच प्रमाणक मानलं जाईल. म्हणजे ‘आपत्ती होती, निविदा कुठली मागता?’ हे उत्तर अर्धंच बरोबर. निविदा नका मागू, प्राधिकरणाने दिलेली परवानगी आणि वापराचं प्रमाणपत्र मागा. ताडपत्री, जेवणाची पाकिटं, भाड्याच्या बोटी, टँकर यांचा हिशेब इथेच सापडतो किंवा इथेच सापडत नाही.

उत्तर आलं नाही तर पहिलं अपील ३० दिवसांत, २० रुपयांचा स्टँप. लाभार्थींचा तपशील तर कलम ४(१)(ख) खाली न मागता जाहीर करायचा असतो, तेव्हा अर्जात त्याचा उल्लेख असू द्या.

आता जुळवणी. नमुना ८ चा घर क्रमांक डाव्या रकान्यात आणि त्यापुढे चारही याद्यांतली नावं. हे करताना तीन गोष्टी ध्यानात ठेवा. एकाच घरावर तीन नावं म्हणजे चोरीच असं नाही. तीन भावांच्या चुली आणि रेशनकार्डं वेगळी असू शकतात. दुसरं, मंजूर यादीत नाव आहे पण पैसे आले नाहीत, यात बऱ्याचदा भानगड नसते. ई-केवायसी राहिलेली असते, खातं आधारला जोडलेलं नसतं, किंवा सातबारावरच्या सामायिक खातेदारांचं संमतीपत्र नसतं. अशी नावं वेगळी काढा, ती सभेत नव्हे, सेवा केंद्रात सुटतात. तिसरं आणि सगळ्यात घोळाचं: दर. २०२२-२३ ते २०२५-२६ च्या आपत्ती निधीच्या निकषांत अंशतः पडलेल्या पक्क्या घराला ६,५००, कच्च्याला ४,०००, झोपडीला ८,०००, गोठ्याला ३,००० आणि दुधाळ जनावराला ३७,५०० रुपये आहेत. पण २०१९ ला ग्रामीण कुटुंबाला १०,००० आणि शहरी कुटुंबाला १५,००० सानुग्रह दिले गेले. राज्य सरकार त्या-त्या पुरासाठी वेगळा शासन निर्णय काढतं. एका वर्षाचे दर दुसऱ्या वर्षाच्या यादीला लावलेत तर नसलेला घोटाळा दिसेल, आणि नंतर खराही कुणी ऐकणार नाही.

---

वाडीवस्ती

वरचं सगळं मान्य, पण ही यादी ग्रामसभेत माइकवरून वाचायला माझा विरोध आहे.

‘अमक्याने गोठ्याचे पैसे घेतले, त्याला गोठाच नाही’ हे वाक्य शंभर माणसांत गेलं की हिशेब तिथेच संपतो, पुढे भावकी सुरू होते. ज्या कर्मचाऱ्याने न पाहता पंचनामा लिहिला तो नामानिराळा राहतो आणि चार हजार घेतलेली विधवा बाई चोर ठरते. वाचायचं तर आधी वाडीवाडीत, पंधरा-वीस घरांच्या गटात, यादी हातात देऊन. आधार, खाते क्रमांक, मोबाइल यावर काळी रेघ मारून. कुणाचा आक्षेप असेल तर चिठ्ठीवर: घर क्रमांक, काय चुकलं, पुरावा काय. निनावी चिठ्ठी घेऊ नका. ज्याच्याबद्दल आक्षेप आहे त्याला दोन दिवस आधी घरी जाऊन विचारा. निम्मी प्रकरणं इथेच मिटतात. कुणी जास्तीचे पैसे परत करायला तयार होतो, कुणाचा गोठा खरंच वाहून गेलेला असतो.

राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ च्या डिसेंबरात कोट किराना इथे पहिली जनसुनवाई घेतली. तिथे व्हाउचरं आणि हजेरीपट वाचले गेले, पण वाचण्याआधी त्यातल्या माणसांकडे जाऊन पडताळून. पडताळलेलं नाही ते वाचायचं नाही, एवढा एक नियम पाळला तरी सभा टिकते.

मग ग्रामसभेत काय? आकडे आणि न सुटलेली प्रकरणं, नावाऐवजी घर क्रमांकाने. किती पंचनामे, किती मंजूर, किती जमा, किती अडकले आणि कुठल्या कारणाने. तलाठ्यांना आणि ग्रामसेवकांना प्रश्न आठ दिवस आधी लेखी द्या. ऐनवेळी विचारलेल्या प्रश्नाला ‘माहिती घेऊन सांगतो’ हेच उत्तर येणार, आणि त्यात त्यांचीही चूक नाही.

कायद्याचा धाक दोन्हीकडे दाखवा. त्याच २००५ च्या कायद्यात कलम ५२ खोटा दावा करणाऱ्यासाठी आहे आणि कलम ५३ मदतीचा पैसा किंवा सामान हडपणाऱ्यासाठी. दोन्हींत दोन वर्षांपर्यंत कैद.

---

कलम_चार

@वाडीवस्ती ताई, घर क्रमांकाने वाचणं पटलं. पण खरेदीची प्रमाणकं मात्र नावानिशी, रकमेनिशी, भर सभेतच वाचावीत. तिथे लाभार्थी नाही, पुरवठादार आहे. एकाच दुकानाची एकाच तारखेची लागोपाठ क्रमांकाची चार बिलं दिसली की मर्यादेखाली बसवायला खरेदीचे तुकडे पाडलेत का, हे विचारायचंच.

---

वाडीवस्ती

हो, ते नावानिशीच. त्याला हरकत नाही.

---

वल्हं

प्रात्यक्षिकाचं. बोटीत पुढाऱ्यांना बसवून फोटो काढला म्हणजे प्रात्यक्षिक झालं असं समजू नका.

८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला बोट उलटली ती क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसल्यामुळे. तुमच्याच तालुक्यातली गोष्ट आहे. बोटीच्या दोन्ही बाजूंना क्षमता आकड्यात रंगवा. चालक आणि मदतनीस त्या आकड्यातच धरायचे, सामानाची पोती वेगळी नाहीत. चढताना मोजणारा माणूस काठावर ठेवा, बोटीत नको. बोटीतल्या माणसाला ‘नको’ म्हणता येत नाही.

इंजिन ऐनवेळी सुरू न होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे गेल्या वर्षीचं पेट्रोल. ठेवलेल्या पेट्रोलचा कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर बसतो, आणि इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतली ओल धरतं. ठेवताना टाकी रिकामी करून कार्ब्युरेटर कोरडा पडेपर्यंत चालवायचं. टू-स्ट्रोक असेल तर ऑइल साधारण लिटरला २० मिली, पण इंजिनच्या पुस्तिकेत काय आहे ते पाहून. पावसाळ्याआधी आणि पावसाळाभर महिन्यातून एकदा पाण्याच्या पिंपात दहा मिनिटं चालवा आणि मागून पाण्याची धार पडते का बघा. धार नाही म्हणजे थंड करणारं पाणी ओढलं जात नाही, नदीत इंजिन तापून बंद पडणार.

कृष्णाकाठी बोट नदीत कमी आणि बुडालेल्या उसावरून जास्त चालते. पंख्याला पाचट, ठिबकच्या नळ्या आणि कुंपणाची तार गुंडाळते. धारदार कोयता, दोन वल्ही, शिअर पिन (पंखा अडकला की आधी तुटणारी पिन) लागत असेल तर तीन जादा, ही बोटीतच बांधलेली हवीत. दुसरा धोका डोक्यावर असतो. पाणी चढलं की विजेच्या तारा हाताला लागतील इतक्या खाली येतात. बोट निघण्याआधी कोणता डीपी (ट्रान्सफॉर्मर) बंद करायचा आणि तो बंद केल्याचा निरोप कोण देणार, हे प्रात्यक्षिकात करून बघा. वायरमनलाच बोलवा.

लाइफ जॅकेट मोजू नका, तपासा. उंदरांनी पट्टे कुरतडलेले असतात. प्रत्येक जॅकेट पाण्यात दाबून सोडा. आतला फोम पाणी पीत असेल तर ते बाद. लहान मुलांच्या मापाची किती आहेत? बहुतेक ठिकाणी एकही नसतं. आणि हे सगळं ज्या खोलीत आहे तिथेच टीसीएलच्या (पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरच्या) गोण्या ठेवलेल्या असतात. क्लोरीनच्या वाफेने बकल, साखळ्या, इंजिनचे नट गंजतात. टीसीएल वेगळ्या, कोरड्या खोलीत, लाकडी फळ्यांवर.

टीसीएलचंच पुढे. पूर ओसरल्यावर आजार पसरतात ते पाण्यातून, आणि खरेदीत फसवायला ही वस्तू सगळ्यात सोपी, कारण पांढरी पावडर सगळी सारखीच दिसते. चांगल्या टीसीएलमध्ये ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, तो साठवणीत कमी होत जातो. २० टक्क्यांच्या खाली गेलं की ते वापरायचं नाही. नमुना जिल्हा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत तपासून मिळतो. गोणीचा लॉट क्रमांक आणि तारीख साठा नोंदवहीत चढवा, म्हणजे कमी भरलं तर कुणाचा माल ते कळतं. मात्रा हजार लिटरला ५ ग्रॅम. विहिरीचा व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर असेल तर पाणी होतं २८ हजार लिटर, टीसीएल १४० ग्रॅम. पूर येऊन गेलेली विहीर आधी उपसायची, मग दुप्पट मात्रा. पावडर थेट टाकू नका. बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन, वरची निवळी सोडायची. अर्ध्या-एक तासाने ओटी टेस्ट (पाण्यात उरलेला क्लोरीन तपासायची चाचणी), तीही टाकीजवळ नव्हे, गावातल्या शेवटच्या नळावर. तिथे ०.२ पीपीएम दिसलं पाहिजे.

निवारा. ‘शाळेत सोय केली आहे’ असं लिहिलेलं असतं. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या निकषाने माणशी साडेतीन चौरस मीटर जागा लागते, ३० माणसांमागे एक संडास. वीस बाय पंचवीस फुटांच्या वर्गात १३ माणसं बसतात, चाळीस नव्हे. आठ वर्गांची शाळा म्हणजे शंभरेक माणूस. बाकीचे कुठे जाणार ते नावानिशी ठरवा. बरेच लोक पाहुण्यांकडे जातात. त्यांची वेगळी यादी करा, नाहीतर मदतीच्या वेळी ‘छावणीत नव्हते’ म्हणून नावं गळतात.

आणि जनावरं. लोक वेळेवर घर सोडत नाहीत ते गोठ्यापायी. मोठ्या जनावराला दिवसाला १५ किलो ओला चारा धरा. सहाशे जनावरं, तीन दिवस, म्हणजे २७ टन. एवढा साठा कुणी करत नाही. ऑगस्टमध्ये गाळप नसतं, त्यामुळे वाढंही (उसाचे हिरवे शेंडे) मिळत नाही. माळावरच्या गावाशी आधीच बोलणी करून ठेवा आणि जनावरं माणसांच्या आधी एक दिवस हलवा. प्रत्येकाच्या कानात बिल्ला आहे का ते मेमध्येच बघून घ्या. बिल्ल्याचा क्रमांक नसला की भरपाईच्या पंचनाम्यात अडतं.

---

नदीवेस

सगळ्यांचे आभार. पाहुणे आणि सत्कार काढतो, वाडीवाडीतल्या बैठका एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात लावतो. दोन गोष्टी राहिल्या. पंचनाम्यासाठी पैसे मागितले गेल्याची कुजबुज आहे, सभेत कुणी ते बोललं तर? आणि पंचवीस हजार कशावर खर्चावेत?

---

कलम_चार

सभेत नाव घेऊन आरोप करू देऊ नका. पुरावा नसेल तर उलट अब्रूनुकसानीचा दावा येतो, आणि असेल तर समोरचा सावध होतो. मागणी अजून चालू असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा टोल फ्री क्रमांक आहे. सापळ्याची रक्कम तक्रारदारालाच आणावी लागते, ती नंतर परत मिळते. पैसे देऊन झाले असतील तर हे लक्षात ठेवा: २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणंही गुन्हा आहे. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवणाऱ्याला संरक्षण मिळतं. फलकावर १०६४ आणि ‘सात दिवस’ दोन्ही मोठ्या अक्षरांत लिहा.

---

चावडीवाचन

खर्चाचं: मंडप नको, समाजमंदिर वापरा. पहिला खर्च झेरॉक्सचा, चारही याद्या प्रत्येक वाडीला दोन-दोन प्रती. मग ऑइलपेंट आणि रंगाऱ्याची मजुरी, भिंतीवरचा तक्ता आणि खांबांवरचे पट्टे. त्यानंतर लहान मुलांच्या मापाची जॅकेटं, येतील तेवढी. उरलं तर चहा. लाउडस्पीकर ग्रामपंचायतीचाच घ्या, पण आदल्या दिवशी चालवून बघा, आणि हातातल्या भोंग्यातले सेल वापरात नसताना बाहेर काढून ठेवा. आत पाझरले की ऐन पुरात तो मुका होतो.

पंचवीस हजारांचा हिशेबही त्याच सभेत, बिलांसकट.

---

पातळीमापक

रंगाऱ्याला तक्त्यात खाली चार ओळी रिकाम्या ठेवायला सांगा. यंदा पाणी चढलं तर कोणत्या पातळीला काय बुडालं ते तारीख-वेळेसह तिथेच लिहायचं. आणि भिलवडी पुलाची पातळी रोज सकाळ-संध्याकाळ फळ्यावर कोण लिहिणार त्या माणसाचं नाव १ मेच्या ठरावात घाला, बदली माणसासकट.